चेंडू हलायच्या आधी

लॉकर रूमचं दार ढकलून आत गेलो, भिंतीवरचे चषक बघत चार पावलं टाकली, आणि माझा उजवा पाय साळिंदराच्या नाकावर पडला.

साळिंदर गालिच्यात विणलेलं होतं. खोलीच्या बरोबर मध्ये, चांगलं अंगणभर. अमेरिकेत प्रत्येक कॉलेजच्या टीमचा एक प्राणी असतो, तो असा जमिनीवर काढलेला असतो आणि त्याच्यावर कुणीही पाय द्यायचा नाही असा कडक रिवाज असतो. (कॉलेजचं नाव सांगायला मला मनाई आहे, म्हणून प्राणीही मी बदललाय. साळिंदराची टीम कुठे असेलच, तर तिची आधीच माफी मागतो.) आजूबाजूला बूट बांधत बसलेल्या दांडग्या पोरांचे हात जागच्या जागी थांबले. माझा सहकारी डग गालिच्याच्या कडेकडेने, भिंतीला पाठ घासत, शहाण्यासारखा येत होता. त्याने क्षणभर डोळेच मिटून घेतले.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलेलं नाही. पुस्तकाला पाय लागल्यावर लहानपणापासून जे होतं तेच झालं. मागे सरलो, वाकलो, बोटं साळिंदराच्या नाकाला लावली आणि डोळ्यांना लावून नमस्कार केला.

मग कोपऱ्यातल्या एका उंच, सडपातळ मुलाने माझ्याकडे बघून मान किंचित झुकवली. जणू साळिंदराच्या वतीने त्याने तो नमस्कार पोचता करून घेतला. आम्ही त्यालाच बघायला आलो होतो. त्याचं नाव मार्कस. तो सेफ्टी होता.

आता सेफ्टी म्हणजे काय, आणि नागपूरच्या कॉम्प्युटर इंजिनिअरने त्याला बघायला का जावं, हे दोन्ही सांगायला हवं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांची समजूत आहे की मी फुटबॉल क्लबात तिकिटं मिळवून देण्याच्या खात्यात आहे. उरलेल्या निम्म्यांना माहीत आहे की मी तिकिटंही मिळवून देत नाही, त्यामुळे ते विचारत नाहीत.

मी अल्फारेटात राहतो. अटलांटाच्या या उपनगरात कुठल्याही दुकानात मराठीतून कुणाची चेष्टा करायची सोय नाही, इतके आपण तिथे झालोय. आलो तेव्हा चारचौघांसारखा बँकेचं सॉफ्टवेअर लिहायचो. मग एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाला सामन्यांचे व्हिडिओ साठवण्यासाठी, शोधण्यासाठी माणूस हवा होता. सहा महिन्यांचं कंत्राट होतं. ते संपलं तरी मी तिथेच आहे, कारण मला प्रश्न पडत गेले. बँकेत असताना मला एकही प्रश्न पडला नव्हता.

इथला फुटबॉल म्हणजे नावात पाय आणि खेळात हात. एक टीम चेंडू घेऊन पुढे सरकते, दुसरी अडवते. अडवणाऱ्यांत पुढे डोंगरासारखी माणसं, मधे बैलासारखी, आणि सगळ्यांच्या मागे हा सेफ्टी. तो चुकला की त्याच्यामागे फक्त मोकळं मैदान आणि फलकावर चढणारे गुण. लग्नघरात एक काका असतात बघा, ना बोहल्यावर, ना पंगतीत, पण मागच्या दाराशी उभे राहून "अरे, तिकडच्या रांगेला भात गेला नाही" असं बघणारे. सगळं नीट झालं तर फोटोत त्यांचा कोपरसुद्धा येत नाही. काही कमी पडलं की मात्र "काका कुठे होते?" सेफ्टी म्हणजे ते काका. फक्त त्यांना हरणासारखं पळावं लागतं आणि भिंतीसारखं आपटावं लागतं.

कॉलेज संपवणाऱ्या मुलांना क्लब दर वर्षी वसंतात आळीपाळीने निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी वर्षभर क्लबाची माणसं देशभर फिरून मुलं बघतात, ते स्काउट. उंची, वजन, हाताची वीत, सगळं मोजतात. शिवाय खानावळीतल्या बाईंपासून प्राध्यापकांपर्यंत चौकशा. आपल्याकडच्या सोयरिकीत पत्रिका असते, इथे ती तेवढी नसते. डग असा जुना स्काउट. डाव्या गालात सूर्यफुलाच्या बिया, उजव्या गालातून मतं. मी त्याच्या चमूत आहे तो व्हिडिओवाला म्हणून. तो मला प्रोफेसर म्हणतो. त्यात आदर किती आणि उलट काय, हे मी मोजायच्या फंदात पडलेलो नाही.

सुरुवातीला मी बघायचो चेंडू. चेंडू जिकडे, माझे डोळे तिकडे. डगने एकदा पडद्यावर चेंडूच्या जागी अंगठा धरला आणि म्हणाला, "आता सांग काय दिसतं." तेव्हा पहिल्यांदा मागचा माणूस दिसला. सगळे एका बाजूला धावत असताना तो एकटा उलटीकडे एक पाऊल टाकतो, आणि दोन क्षणांनी कळतं की पाऊल त्याचंच बरोबर होतं. त्या दिवसापासून मला सेफ्टींचं वेड लागलं. वेड लागल्याने अक्कल आली असं मात्र नाही. एका वर्षी एका मुलासाठी मी जीव तोडून बोललो होतो. वाऱ्यासारखा पळायचा. आम्ही त्याला घेतला, आणि चुकीच्या जागी सगळ्यात आधी पोचणारा माणूस म्हणून तो आमच्याकडे नावाजला गेला.

मार्कसकडे वळतो. त्याच्या कार्डावर एक लाल ठिपका होता. कार्ड म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर एक लोखंडी फळा आहे, त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाची चुंबकाची पट्टी. जितकी वर, तितका हवासा. लाल ठिपका म्हणजे ऐन वेळी घात करणारा. तो ठिपका एका चेंडूमुळे लागला होता. वर्षातला त्यांचा मोठा सामना, शेवटची मिनिटं. समोरचे दोन भिडू शेजारी शेजारी उभे. बाहेरच्यावर मार्कसच्या टीममधल्या कोवळ्या भिडूची नजर, आतल्यावर मार्कसची. चेंडू सुटला आणि ते दोघे कात्रीसारखे एकमेकांना ओलांडून गेले. मार्कस आणि तो पोरगा, दोघेही एकाच्याच मागे धावले. दुसरा, जो मार्कसचा होता, तो मोकळाच, बागेत फिरायला निघाल्यासारखा थेट शेवटच्या रेषेपार. टीव्हीवर मार्कस डोक्याला हात लावून उभा राहिलेला दिसला, आणि देशाने निकाल दिला.

आम्ही बघायला गेलो त्या दिवशी प्रशिक्षकांच्या खोलीत डगने त्याला समोर बसवलं. समोर पांढरा फळा.

"तो चेंडू," डग म्हणाला. "चूक कुणाची?"

"माझी, सर."

"काय झालं?"

"मला करायला हवं होतं ते मी केलं नाही."

"काढून दाखव."

मार्कसने अकराच्या अकरा भिडूंचे गोल काढले. प्रत्येकाचं काम बाणाने दाखवलं. त्या कोवळ्या पोराचा बाण काढताना तो थांबला. स्वतःच्या गोलाशेजारी एक छोटी फुली काढली आणि लगेच अंगठ्याने पुसून टाकली. डग बिया फोडत खिडकीबाहेर बघत होता. फुली मी पाहिली.

निघताना मार्कसनेच मला थांबवलं. "सर, तुम्ही खाली वाकून ते काय केलंत?"

मी सांगितलं. आदर आहे अशा गोष्टीला पाय लागला तर असं करतात.

"तुम्ही मुद्दाम नव्हता दिला पाय."

"नाही. चुकूनच लागतो."

"तरी करायचं?"

"मुद्दाम देणारा कशाला करेल?"

तो हसला नाही. काहीतरी पटल्यासारखी मान हलवली आणि गालिच्याच्या कडेकडेने निघून गेला.

गाडीत डग म्हणाला, "चांगला मुलगा आहे. चूक कबूल करतो. पण चूक ती चूक. ठिपका राहील."

"त्याने फुली काढून पुसली," मी म्हणालो.

"प्रोफेसर, पोरं फळ्यावर कायकाय काढतात."

मला ती फुली सोडवेना. परत आल्यावर तोच चेंडू पुन्हा पुन्हा बघितला. काही नाही. चेंडू सुटतो, दोघे एकाच्या मागे, संपलं. मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि हात तसाच राहिला. आमच्या व्हिडिओत चेंडू सुटतो तिथपासून सगळं सुरू होतं. त्याआधीचं काही नसतं. का नसतं? स्काउटांचा वेळ वाचावा म्हणून प्रत्येक तुकड्याची सुरुवात आपोआप कापणारा एक प्रोग्राम आहे. भिडू नुसते उभे आहेत, कुणी कमरेवर हात ठेवलाय, कुणी बोट दाखवतोय, हे कशाला बघायचं? तो प्रोग्राम फार सुबक आहे. मी लिहिलाय. त्याबद्दल मला एकदा केकही मिळाला होता.

मूळ, न कापलेला व्हिडिओ सर्व्हरवर असतोच. डबा बाजूला सारून तो लावला. मैदानाच्या टोकाच्या उंच कॅमेऱ्यातून मार्कस पाठमोरा दिसतो. चेंडू अजून जमिनीवर आहे. समोरचे दोघे कसे उभे आहेत ते तो बघतो, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली करतो. म्हणजे हे दोघे एकमेकांना ओलांडणार, आपण भिडूंची अदलाबदल करायची. पुन्हा करतो, हात आणखी उंच. तो कोवळा पोरगा आपल्या बाकाकडे बघतोय. मार्कस त्याच्या दिशेने एक पाऊल टाकतो, आणि तेवढ्यात चेंडू सुटतो. मार्कस ठरल्याप्रमाणे बाहेरच्या भिडूवर जातो. पोरगा आधीच्याच भिडूमागे, म्हणजे त्याच बाहेरच्यामागे. मोकळा सुटला तो आता मार्कसचा राहिलेलाच नव्हता.

मग मी त्याचे दुसरे सामने न कापता लावले. भाजी गार झाली ते कळलंही नाही. प्रत्येक चेंडूआधी हा मुलगा कुणाच्या पाठीवर थाप मारतोय, कुणाला दोन पावलं डावीकडे सरकवतोय, कुणाला खुणेने थांबवतोय. समोरच्याने चेंडू तिकडे टाकलाच नाही असं जे आमच्या तुकड्यांत दिसायचं, ते उगीच झालेलं नव्हतं. याने आधीच दार लावून घेतलेलं असायचं. सेफ्टीचं निम्मं काम चेंडू हलायच्या आधी होतं, आणि तेवढंच नेमकं मी क्लबभर कापून वाटत होतो. त्या क्षणी मला मार्कसपेक्षा आधीच्या वर्षांतली ती सगळी पोरं आठवली ज्यांच्याबद्दल आम्ही "फारसं काही करताना दिसत नाही" असं लिहिलं होतं. त्यांतली दोन-तीन नावं अजून माझ्या डोक्यात अधूनमधून येऊन बसतात.

डगला दाखवलं. त्याने बिया चावायच्या थांबवल्या. माझ्या आठवणीत तसं पहिल्यांदाच झालं. तिथूनच आम्ही मार्कसला फोन लावला.

मी म्हणालो, "तू खूण केली होतीस. एकदा नाही, दोनदा. मग सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सर, त्याने ती बघितली नाही."

"ती त्याची चूक."

"नाही, सर. माझं काम खूण करणं नाहीये. त्याला कळलंय ना ते बघणं आहे. त्याला कळलं नाही, म्हणजे मी सांगितलंच नाही." मग म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, चुकून लागला तरी वाकायचं."

फोन ठेवल्यावर डगने तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

इथे माझ्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. माझी बायको नीलिमा पुण्याची. आमच्या संसारातलं सगळ्यात जुनं भांडण "मी सांगितलं होतं" हे आहे. मी सांगितलेलं असतं. गॅरेजमधून, जिन्यावरून, तोंडात टूथब्रश असताना. मी बोलायला लागलो की मिक्सर सुरू होतो, की मिक्सर सुरू झाला की मला बोलायचं सुचतं, याचा निकाल अजून लागलेला नाही. कॉलेजला जाणारी आमची लेक रेवती यावर "बाबा, टेक्स्ट हर" एवढंच म्हणते.

ड्राफ्टच्या आधीची शेवटची बैठक. ती झाली की पट्ट्या हलत नाहीत. आमचे मोठे साहेब, म्हणजे निवडीत ज्यांचा शब्द शेवटचा, फळ्यासमोर उभे. मार्कसची पट्टी इतकी खाली की वाचायला वाकावं लागेल. तिथे राहिली तर आमच्याकडून त्याला बोलावणं नाही, आणि लाल ठिपका इतर क्लबांतही लागलेलाच असणार. त्याचं नाव आलं. मी घसा साफ करून म्हणालो, "याचा आणखी व्हिडिओ आहे. मला वाटतं बघायला हवा."

नेमकी तेव्हाच सँडविचं आली. कुणाला मोहरीचा सॉस हवा होता, कुणाला नको होता, कुणाचं कुणाकडे गेलं होतं. साहेब "ओके, पुढचा" म्हणाले.

मी बसलो. मनात म्हटलंही, आपण सांगितलं बुवा. आपलं काम झालं. सँडविचचा कागद उलगडायला घेतला आणि कानात आलं, त्याला कळलं नाही, म्हणजे मी सांगितलंच नाही.

उठून उभा राहिलो. कुणाचं लक्ष नाही. घरच्या सवयीने पुन्हा तेच पुटपुटणार होतो, पण हात वर गेले. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली आणि तसाच उभा राहिलो. माझ्या पोटावर तेव्हा शर्टाचं एक बटण उघडं होतं असं डगने नंतर सांगितलं. बोलणं एकेक करून थांबलं. सॉसची बाटली हवेत राहिली.

"काय झालं याला?" साहेबांनी डगला विचारलं.

"प्रोफेसरला काहीतरी सांगायचंय," डग म्हणाला.

व्हिडिओ लावला. आधी कापलेला. मग न कापलेला. पाठमोरा मार्कस, डोक्यावर फुली, पुन्हा फुली, पाऊल. त्यामागोमाग दुसऱ्या सामन्यांतले तुकडे, थाप, दोन पावलं डावीकडे, थांब. शेवटी मी त्याने फोनवर दिलेलं उत्तर सांगितलं. सावकाश, आणि खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं.

साहेबांनी तो चेंडू परत लावायला सांगितला. मग विचारलं, "म्हणजे हे आपल्या तुकड्यांत दिसतच नव्हतं?"

"नाही."

"फक्त याचं, की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"कुणी कापलं?"

"मी."

डगने घसा खाकरला. "प्रोफेसर, आता ते बोटांचं कर."

मी वाकलो, प्रोजेक्टरला बोटं लावली, डोळ्यांना लावली. कुणीतरी फसकन हसलं, मग सगळेच. हसता हसता साहेबांनी मार्कसची पट्टी उचलली, ठिपका नखाने खरवडून काढला आणि पट्टी वर नेऊन लावली. इतकी वर की मला मान उंचावून बघावी लागली.

ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी दुपारी, आमची पाळी आली तेव्हा मार्कस अजून शिल्लक होता. मी बाहेरच्या खोलीत स्क्रीनसमोर नखं खात बसलो होतो. आतून साहेबांनी त्याला फोन लावला, आणि नाव पडद्यावर यायच्या आधीच डगने काचेआडून मला बघून डोक्यावर हातांची फुली केली. थोड्या वेळाने माझ्या फोनवर मार्कसचा फोटो आला. त्याच्या घरचं अंगण, मध्ये तो, शेजारी त्याची आई, मागे आत्या-मावश्या, आणि सगळ्यांचे हात डोक्यावर, मनगटांची फुली केलेले.

संध्याकाळी घरी पोचलो तो तरंगतच. नीलिमा दुसऱ्या दिवशीच्या मंडळाच्या पॉटलकसाठी, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणासाठी, चटणी वाटत होती. मी दारातूनच सुरुवात केली. साळिंदराचं नाक, फुली, गार झालेली भाजी, फोनवरचं त्याचं उत्तर, सँडविचं, प्रोजेक्टर, आत्या-मावश्या. हातवारे करत करत फ्रिजपर्यंत गेलो, परत दारापर्यंत आलो. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं, आणि शेवटी डोक्यावर फुली करून उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं की सगळा वेळ मिक्सर चालू होता.

तिने तो बंद केला. झाकण उघडलं, बोटाने चटणी चाखली, चिमूटभर मीठ टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही हं. म्हणजे तू सांगितलंच नाहीस."